गुलकंदची सातवी उडी

खोटं कशाला बोलू? डाळ मीच चोरत होते.

पहाटे पाचला उठायचं, ओट्यावर भिजत पडलेल्या हरभऱ्याच्या डाळीतली चांगली दोन मुठी डाळ उपसायची, आईच्या खटक्याच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायची, डबा स्कूटीच्या डिकीत टाकायचा आणि प्रताप नगरातून थेट शहराबाहेरच्या कानोत्याचा रस्ता धरायचा. चैत्र लागला की आमच्या घरी डाळ भिजणारच. प्रताप नगरात आम्ही सात मराठी घरं. महिनाभर कुणा ना कुणाकडे हळदीकुंकू, आणि आंबेडाळ करावी ती मधुमतीबाईंनीच, असं सातही घरांचं एकमत. मधुमतीबाई म्हणजे माझी आई. मूळची मिरजेची. जयपुरात येऊन अकरा वर्षं झाली, पण इथली डाळ तिला अजून पटलेली नाही.

"मेल्याची डाळ फुगतच नाही!" सकाळी पातेल्यात डोकावून ती म्हणायची. तीन आठवड्यांत तिनं दोन वाणी बदलले. दुसऱ्याला तर दुकानात जाऊन सुनावलं, "भैया, आपकी दाल में दम नहीं है." तो बिचारा हातातल्या डाळीकडे बघत बसला. मी शेजारी पिशवी धरून उभी, चेहऱ्यावरची माशी हलू न देता.

आता तुम्ही म्हणाल, सव्वीस वर्षांची घोडी झाली आणि घरात चोऱ्या करते! तर आधी ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला.

माझे बाबा उमाकांत, विमा कंपनीत अधिकारी. तीस एप्रिलला ते निवृत्त होणार आणि दोन मेच्या गाडीनं आमचं बिऱ्हाड मिरजेला हलणार, हे ठरलेलं. प्रश्न होता माझा. बँकेच्या परीक्षा मी तीनदा दिल्या आणि तिन्ही वेळा आपटले. तिसऱ्यांदा तर अर्धा पेपर सोडून घोड्यावर बसायला गेले होते. हे बाबांना अजून माहीत नाही, तुम्हीही सांगू नका. चार वर्षं मी कानोत्याच्या एका रायडिंग स्कूलमध्ये मदतनीस होते. घोडे फिरवायचे, पोरांना खोगिरावर बसवायचं, आणि कुणी बघत नसलं की अडथळ्यांवरून उड्या मारून घ्यायच्या. मला त्याच कामात राहायचं होतं. दुसरं काही मला येत नाही आणि यावं असं वाटतही नाही.

"बाबा, मी जयपुरातच राहते," मी एकदाचं सांगून टाकलं.

"काय करायला?"

"घोड्यांना उड्या शिकवायला."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रणिता, घोड्यावर बसून मीटरभर उंच अडथळा ओलांडणारा माणूस माझ्या माहितीतल्या कुठल्याच पॉलिसीत बसत नाही." पण माणूस कायद्याचा. दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. "तीस तारखेच्या आत लेखी नेमणूकपत्र हातात ठेव. मदतनीस बिदतनीस नाही, पक्की नोकरी. ठेवलंस तर राहा. नाही तर बॅग भर."

आईनं त्याच संध्याकाळी माझी बॅग माळ्यावरून काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि पलंगाखाली सरकवली. तिला मी मिरजेला हवी होते. मावशीनं दोन स्थळंसुद्धा हेरून ठेवली होती, एक दंतवैद्य आणि एक द्राक्षवाला.

नेमणूकपत्र देणार होते गोपीनाथजी. ते या स्कूलचे मालक, पूर्वी सैन्यात घोड्यांचे उस्ताद होते. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्री, आणि गुडघे पार कामातून गेलेले. ते बोलतात हिंदीत, मी आपलं मराठीत सांगते. गुडघ्यांमुळे त्यांना आता उड्या शिकवणारा एक उस्ताद हवा होता. उमेदवार दोन, मी आणि ध्रुव. आणि निवड कशी? तर त्यांच्या उस्तादांनी त्यांची घेतली होती तशीच, एका सकाळची परीक्षा. तीन स्वभावांचे तीन घोडे, तेच सहा अडथळे, एकामागून एक.

"एका घोड्यावर बसून उडी मारतो तो स्वार," ते म्हणायचे. "तिन्ही घोड्यांवर बसून मारतो तो उस्ताद."

नियम साधे होते. तिन्ही घोड्यांवर मिळून एकच बांबू पडलेला चालेल. एकच घोडा अडथळ्यापुढे दोनदा थांबला, की उमेदवार बाद. दोघंही बाद झालो, तर बाहेरून कुणाला तरी आणणार.

आता त्या तिघांची ओळख करून देते, म्हणजे माझं दुखणं कळेल.

पहिला हवालदार. तपकिरी रंगाचा, वय एकोणीस, आणि अंगात सरकारी कचेरीतला सगळा मुरलेपणा. अडथळा जेवढा उंच तेवढीच उडी. वर बोटभर जास्त नाही. वरचा माणूस कच्चा आहे हे त्याला पहिल्या दहा पावलांत कळतं आणि मग तो अडथळ्यापुढे थांबून गवत खायला लागतो. त्याची गोम अशी, की अडथळ्याकडे बघायचंच नाही. तुम्ही बघितलंत की तो म्हणतो, अच्छा, तुम्हालाच खात्री नाही, मग मी का मरू? नजर पलीकडच्या झाडावर ठेवली की मुकाट्यानं जातो.

दुसरा तेजा. काळाभोर, सहा वर्षांचा, आणि भित्रा इतका की प्लॅस्टिकची पिशवी उडाली तरी जीव मुठीत घेऊन पळतो. अडथळा दिसला की एकदाची ब्याद टळू दे म्हणून सुसाट सुटतो. त्याला आवरायला गेलं की जास्तच बिथरतो. त्याच्यावर बसून मी एकोणतीसचा पाढा म्हणते. मोठ्यानं, सावकाश. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. पुढचं मला कधीच आठवत नाही, पण तोवर त्याचीही पावलं लयीत पडतात आणि माझाही लगामावरचा हात सैल होतो.

आणि तिसरी गुलकंद.

काय सांगू हिच्याबद्दल! पांढरीशुभ्र, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि नखरा असा की बघत राहावं. लग्नसराईत गोपीनाथजी तिला संध्याकाळी वरातीला पाठवायचे. इकडची रीत अशी, की नवरदेव घोडीवर चढला की त्याची बहीण घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाऊ घालते. शंभरएक वराती करून गुलकंदच्या डोक्यात जगाचा एकच नियम पक्का झाला होता. डोक्याला साफा बांधलेला माणूस दिसला, की डाळ मिळते. बाकी अडथळे, बांबू, लगाम, टाच, सगळं झूट. तिला अडथळ्यापुढे नेलं की ती थांबायची आणि मान वळवून माझ्याकडे बघायची. बँड कुठाय?

हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि कळलं त्याच दिवसापासून मी डाळ चोरायला लागले. सुखदेव म्हणजे आमचा साईस, घोड्यांची देखभाल करणारा बगरू गावचा माणूस. त्याच्या डोक्याला मी गुलाबी साफा बांधायला लावला, हातात आईचा डबा दिला आणि त्याला अडथळ्याच्या पलीकडे उभं केलं. तो डब्याचा खटका वाजवायचा, खट्ट! आणि गुलकंद कान टवकारून निघायची. आधी जमिनीवर ठेवलेला बांबू, मग गुडघाभर, मग कमरेएवढा. तीन आठवड्यांत बाई मीटरभर उडी अशी मारायला लागल्या, की सुखदेव म्हणाला, "दीदी, हिला पंख होते, आपण बघितलेच नाहीत." शेवटच्या आठवड्यात आधी साफा आणि मग डबा काढून टाकायचा, असा माझा बेत होता. पण म्हटलं, राहू दे. साईसानं परीक्षेत साफा घालू नये असा नियम थोडाच आहे?

लबाडीच होती. मी कुठं नाही म्हणते?

पण ध्रुवही काही कमी नव्हता. ध्रुव माझ्याच वयाचा, दिसायला देखणा, बसायला ताठ, आणि तिन्ही घोड्यांना एकच औषध द्यायचा, छडी. फाल्गुनात मी त्याला सांगितलं होतं की तेजाला अत्तराचा वास फार आवडतो. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या खसाच्या अत्तरात भिजून आला आणि तेजानं त्याच्या पांढऱ्या विजारीवर सात वेळा शिंकून घेतलं. तेव्हापासून तो माझ्यावर डोळा ठेवून होता. सुखदेवचा गुलाबी साफा त्यानं बघितला होता, हे मला परीक्षेच्या दिवशी कळलं.

परीक्षा अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी, सकाळी सातला. मी सहाला पोचले आणि स्कूटीची डिकी उघडली, तर डबा नाही. हात घालून कोपरे चाचपले. मग वाटलं, डाळ भरून गडबडीत ओट्यावरच विसरले असणार. जाऊ दे, साफा तर आहे.

पण आत आले आणि बघतच राहिले. रिंगणाच्या कठड्याभोवती पाहुणे जमले होते, स्कूलमधल्या पोरांचे आईबाप, आसपासचे लोक. आणि दारात ध्रुव उभा. प्रत्येक पुरुषाला हसून नमस्कार करत होता आणि डोक्याला साफा बांधून देत होता. बगरूच्या छाप्याचे, गुलाबी, पन्नास साफे!

"जयपुरात पाहुणा आला आणि बोडका बसला, तर बरं दिसतं का, प्रणिताजी?" तो मला म्हणाला, असा गोड, की मुंग्या लागाव्यात.

गोपीनाथजींच्या डोक्याला साफा. फाटकाबाहेरच्या कणीसवाल्याच्या डोक्याला साफा. चारी दिशांना साफेच साफे. गुलकंद एका साफ्याकडे बघून उडी मारते, पन्नास दिसले तर काय करेल? सहा अडथळे, एक कागद, आणि पलंगाखाली पुसून ठेवलेली ती बॅग. मला रडायला येत होतं, खरंच सांगते.

तेवढ्यात आई-बाबा टॅक्सीतून उतरले. मी बोलावलं नव्हतं. बाबांना सगळ्यात आधी परीक्षेच्या अटी वाचायच्या होत्या. त्या वाचून होईस्तोवर ध्रुवनं त्यांच्याही डोक्याला साफा गुंडाळला आणि बाबा आरसा नसतानाही उगाच ताठ झाले. आई पिवळ्या साडीत, खांद्याला कापडी पिशवी.

"दुपारी मितालीवहिनींकडे हळदीकुंकू आहे," ती म्हणाली. "आंबेडाळ सोबतच आणलीय, परस्पर तिकडे जाऊ. तू काही खाल्लंस का?"

"आई, आत्ता नको गं!"

"बरं बाई. पडू नको म्हणजे झालं."

ध्रुव आधी गेला. तेजानं त्याचा एक बांबू पाडला. हवालदार सहाही अडथळे बिनचूक पार करून आला. मग गुलकंद. ती रिंगणात आली, चारी बाजूंना साफे बघितले आणि तिचं भान हरपलं. आयुष्यात एवढे नवरदेव तिनं एका जागी पाहिले नव्हते! पहिल्या अडथळ्यापुढे ती थांबली आणि वरातीत नाचते तशी जागच्या जागी नाचायला लागली. ध्रुवनं छडी मारली. ती आणखी नाचली. दुसऱ्यांदा आणलं, तर कणीसवाल्याच्या पुढ्यात जाऊन मान झुकवून उभी. दोनदा थांबली, संपलं. दुसऱ्यासाठी खड्डा खणला की असं होतं. मला हसू आलं आणि लगेच जिरलं, कारण आता त्याच खड्ड्यावरून मला उडी मारायची होती.

माझा हवालदार नीट गेला. मी सहाही वेळा लांबच्या खेजडीच्या झाडाकडे बघितलं आणि त्यानं मला साहेब मानलं. तेजाच्या वेळी मी एकोणतीसचा पाढा असा खड्या आवाजात म्हटला, की कठड्यापलीकडून बाबांनी न राहवून "सोळोत्तरशे!" असं पुढचं सांगितलं. नेमक्या त्या ओरडण्यानं तेजा दचकला आणि पाचव्या अडथळ्याचा बांबू पडला. बाबांनी जीभ चावली. म्हणजे आता एकही बांबू पडून चालणार नव्हतं.

मी गुलकंदवर बसले. तिच्या कानात म्हटलं, "बाई गं, आज माझी अब्रू तुझ्या हाती."

बाईंचं लक्षच नव्हतं. पहिला अडथळा तिनं नुसत्या वेगात ओलांडला, कशी ते तिलाच ठाऊक. दुसऱ्यापाशी आलो आणि डावीकडच्या एका काकांनी साफा सावरला. झालं! चारी पाय रोवून उभी. गोपीनाथजींनी एक बोट वर केलं. आणखी एकदा थांबली, की मी बाद.

मी तिला वळवून मागे नेलं. सुखदेव सहाव्या अडथळ्यापाशी आपला साफा दाखवत होता, पण पन्नास साफ्यांत त्या एकाला कोण विचारतं! ध्रुव कठड्याला रेलून हसत होता. माझ्या डोळ्यांपुढे मिरजेचं स्टेशन, दंतवैद्य आणि द्राक्षवाला एकदम उभे राहिले. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. उद्यापासून या घोडीच्या मानेला हात लावायला मिळणार नाही.

आणि तेव्हा आवाज आला.

खट्ट!

गुलकंदचे दोन्ही कान बाणासारखे सरळ झाले. माझेही झाले असतील. दुसऱ्या अडथळ्याच्या अगदी समोर, कठड्यापलीकडे, त्या साफ्यांच्या गर्दीत एक बिनसाफ्याचं डोकं होतं. माझी आई. तिच्या हातात डबा होता आणि झाकण उघडं होतं.

गुलकंद निघाली. निघाली म्हणजे काय, सुटली! दुसरा अडथळा तिच्या पोटाखालून कधी गेला ते मला कळलंही नाही. तिसरा उजवीकडे होता, आणि बघते तर आई कठड्याबाहेरून उजवीकडे पळतेय. एका हातात डबा, दुसऱ्या हातात निऱ्या, आणि मागून बाबा, साफा सावरत, "अगं मधू, अगं गुडघा!" करत. मला वाटलं, मी पडणार म्हणून ती घाबरून पळतेय. ती लहानपणी माझ्या सायकलमागेही अशीच पळायची. तिसरा झाला. चौथा झाला. आई वळली, आम्ही वळलो. पाचव्यावर गुलकंदची मागची टाप बांबूला लागली. बांबू थरथरला. थरथरला आणि तिथंच राहिला. सहावा तिनं इतका उंच घेतला, की सुखदेवनं साफाच हवेत फेकला. पलीकडचं शेवटचं लाल निशाण पार केलं आणि मी ओरडले, "झालं! झालं गं बाई, थांब!"

थांबते कशाला! परीक्षा माझी संपली होती, तिची डाळ कुठं मिळाली होती? समोर रिंगणाचा लाकडी कठडा, त्याच्यापलीकडे आई. गुलकंदनं तोही घेतला. पाहुणे साफ्यांसकट दोन्ही बाजूंना पांगले. मी तिच्या मानेला मिठी मारून लोंबकळत होते. रिकिबीतून एक पाय सुटलेला. ती आईपुढे येऊन सभ्यपणे उभी राहिली आणि तिनं डब्यात तोंड घातलं.

"आली का माझी ठकी," आई म्हणाली. मला की घोडीला, कोण जाणे.

ध्रुव धावत आला. "उस्ताद, हे चालणार नाही! बाहेरून मदत केली! आणि ही तर रिंगण सोडून गेली!"

गोपीनाथजी काठी टेकत सावकाश आले. "निशाण पार केल्यावर घोडी कुठंही जाईना का," ते म्हणाले. "सातवा अडथळा मी मांडलाच नव्हता." मग आईकडे वळले. "बहनजी, डब्यात काय आहे?"

आईनं पदर सारखा केला. "प्रसाद है जी. हलदीकुंकू का."

"आणि तुम्ही पळत का होता?"

"लड़की गिरेगी इसलिए, मतलब, माँ का दिल है जी."

गोपीनाथजींनी डब्यात बोटं घातली, दोन दाणे उचलले आणि चावले. बराच वेळ चावले. "मीठ नाही," ते म्हणाले.

"प्रसाद असाच असतो," आई मराठीतच म्हणाली, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून.

मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी ध्रुवकडे बघितलं. "पन्नास साफ्यांचं मला विचारलं होतंस का? नाही ना? मग बाहेरच्या मदतीचं तू बोलू नकोस." आणि माझ्याकडे काठी रोखून म्हणाले, "दिवाळीपर्यंत ही घोडी डब्याशिवाय उडी मारायला हवी. मारली नाही, तर तू नवी नोकरी बघ. कागद टाइप करून आणतो."

बाबांनी तो कागद तीनदा वाचला, शिक्का बघितला, तारीख बघितली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. साफा त्यांनी संध्याकाळपर्यंत काढला नाही.

मी मात्र डब्याकडे बघत होते. गुलकंदनं तळापर्यंत चाटून पुसून खाल्लं होतं, पण कडेला चारदोन दाणे होते. मी ते उचलले. मीठ नाही हे खरंच, पण कैरीही नाही, मोहरी नाही, हळद नाही, खोबरं नाही. नुसती भिजवलेली डाळ. मधुमतीबाई हळदीकुंकवाला अशी डाळ मेल्या तरी नेणार नाहीत. आणि डबा तो, खटक्याचा.

"आई, हा डबा माझ्या डिकीत होता."

"तुझ्या डिकीत?" तिनं डबा मिटला. "माझा डबा तुझ्या डिकीत कसा गेला ते आधी सांग."

मी खाली बघितलं.

"दोन वाण्यांशी भांडले मी तुझ्यापायी," ती म्हणाली. "मग एक दिवस म्हटलं, बघू तर खरं ही कार्टी कुणाला खाऊ घालते. बुधवारी बसनं आले इथं. कान धरून घरी न्यायला आले होते. त्या झाडामागं उभी राहिले. तो बाबा साफा घालून डबा वाजवत होता, आणि तू त्या घोडीवर बसून बांबूवरून उडत येत होतीस." तिनं पदरानं डब्याची कड पुसली. "दहावीनंतर तुला इतकं हसताना मी बघितलं नव्हतं गं. मग तशीच परत गेले. परीक्षेत त्या बाबाच्या हातात डबा दिसला तर तुला बाद करतील, म्हणून पहाटेच तो डिकीतून काढून घेतला. आज हा मेला दारात साफे वाटताना दिसला आणि म्हटलं, बरं झालं डबा माझ्याजवळ आहे."

"पण तुला तर मी मिरजेला हवी होते."

"हवीच होतीस. अजून हवीस." आईचे डोळे भरले आणि ती लगेच चिडली. "आता रडवू नकोस. घरी चल, आंबेडाळ करायचीय. मितालीवहिनींकडे काय रिकामा डबा नेऊ?"

दोन मेला ते गेले. स्टेशनवर मी डबा मागितला. आईनं दिला नाही. "तुझ्या उस्तादांनी काय सांगितलंय? डब्याशिवाय," म्हणाली आणि पिशवीत खोल घालून टाकला. माझी बॅग मात्र रिकामीच पलंगाखाली राहिली.

परवा सकाळी मी गुलकंदला घेऊन रिंगणात होते. तीन आठवडे झाले, बाई कमरेच्या वर उडी मारायला तयार नाहीत. सुखदेव बिनसाफ्याचा, ती रुसलेली, मी घामाघूम. तेवढ्यात आईचा फोन आला. मी लगाम हातात ठेवून स्पीकर लावला.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"काही नाही. वाटली डाळ करायला डाळ भिजवली होती रात्री. सकाळी बघितली, तर मूठभरही कमी नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "चांगली फुगली होती. उगाच त्या वाण्याला बोलले. आम्ही दोघं काय करणार एवढ्या डाळीचं? थोडी डब्यात घालून ठेवते."

आणि फोनमधून आवाज आला, खट्ट.

गुलकंदनं झटकन मान वर केली. कान टवकारून तिनं कठड्याकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी नव्हतं.

मीही बघितलं.